न घेतलेले ‘जनता’

रविवार, रात्र

आज जुन्या बाजारातून रिकाम्या हाताने परतलो आणि तरीही दिवस सत्कारणी लागल्याचे समाधान वाटते आहे, ही गोष्ट एकदा नीट तपासून पाहायला हवी. घड्याळे जमवणाऱ्या माणसाला घड्याळ मिळाले तर आनंद व्हावा आणि न मिळाले तर हळहळ वाटावी, इतका हा हिशेब सरळ असायला हरकत नव्हती. माझ्याकडे तो गेली बरीच वर्षे जुळत नाही.

पुण्याच्या मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ दर बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. पाने, पकडी, पितळी कुलपे, बंद पडलेले कॅमेरे आणि नाणी यांच्या पसाऱ्यात घड्याळे मांडून बसणारे काही विक्रेते आता मला चेहऱ्याने ओळखतात. त्यांतल्या एकाने आज फडक्याच्या घडीतून एचएमटीचे ‘जनता’ काढून दिले, तेही देवनागरी अंकांच्या तबकडीचे. या घड्याळावर माझा फार दिवसांपासून डोळा आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. किंमत विचारण्याआधी मी खिशातून भिंग काढले. तबकडी कोरी करकरीत पांढरी होती. पण काटे काळवंडलेले होते, केसच्या, म्हणजे धातूच्या कवचाच्या, कडा झिजल्या होत्या आणि काचेवर चरे होते. अनेक दशकांच्या घामाने आणि दमट हवेने बाकी सगळे खाल्ले आणि तबकडी तेवढी सोडली, असे होत नसते. मग एकेक खूण दिसू लागली. मिनिटांच्या रेघा अंकांच्या मध्याशी जुळत नव्हत्या, अक्षरांची जाडी सारखी नव्हती आणि काटे ज्या छिद्रातून वर येतात त्याच्या कडेवर नवा रंग ओघळून वाळला होता.

“साहेब, कंपनीचा माल आहे, एकदम ओरिजिनल,” तो म्हणाला.

“दादा, केस एवढी घासलेली आणि डायल कालच्यासारखं, हे कसं काय?”

तो हसला. “तुम्ही घेणार नाही हे मला माहीतच होतं. तुम्ही बघायलाच येता.”

त्याच्या या वाक्यावर मी परतताना वाटभर विचार करत होतो. रंगवलेली तबकडी ओळखता आली त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो घड्याळ अस्सल निघाले असते तर याहून फार मोठा झाला असता असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. उलट तसे झाले असते तर पुढे घासाघीस, पैसे, घरी आणणे, मागचे झाकण उघडणे, तेलपाणी करणे आणि शेवटी ड्रॉवर, असा सगळा क्रम माझ्या अंगवळणी पडलेला आहे.

एचएमटीच्या बाबतीत ही शोधाशोध जरा विशेषच आहे, कारण हे घड्याळ मुळात दुर्मीळ नाही. एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स; या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना काढला, १९६१ मध्ये तिची पहिली मनगटी घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली, आणि पुढे श्रीनगर, तुमकुर आणि उत्तराखंडातील राणीबाग येथेही घड्याळे तयार होऊ लागली. जनता, पायलट, सोना, जवाहर, रजत, कोहिनूर, कांचन ही नावे ज्यांनी घड्याळ कधी हौसेने पाहिले नाही त्यांनाही पाठ आहेत. इतक्या घरांत पोहोचलेली वस्तू मिळत नाही अशी तक्रार कोणी करू शकत नाही. न मिळणारी गोष्ट आहे ती कोणाच्या हातून न बिघडलेले घड्याळ. २०१४ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद होणार ही बातमी पसरली तेव्हा उरलासुरला माल घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली, २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्यास मंजुरी दिली, आणि या काळात घड्याळांच्या आतल्या जुन्या यंत्रांवर नव्या रंगाच्या तबकड्या चढवून ती विकण्याचा धंदाही तेजीत आला. नारिंगी, पोपटी, गर्द तांबड्या अशा, कारखान्याने कधीही न काढलेल्या रंगांची घड्याळे परदेशात जाऊ लागली. तिकडचे संग्राहक अशा जोडाजोड केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्या नावातला टोमणा आपल्याला थोडा लागतो. त्यामुळे एचएमटी शोधणे म्हणजे वस्तू शोधणे कमी आणि तिच्यावर कोणाकोणाचे हात फिरले आहेत ते वाचणे अधिक. हे वाचन मला आवडते, आणि त्यासाठी घड्याळ माझ्या मालकीचे असण्याची काहीच गरज नसते.

मिशिगन विद्यापीठातील मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या प्रयोगांविषयी पूर्वी वाचले होते, ते आज आठवले. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामीन हे रसायन जवळजवळ नाहीसे केले होते, ते समोर ठेवलेल्या अन्नाकडेही फिरकत नसत. मात्र तोंडात गोड द्रव घातला की तो आवडल्याच्या सगळ्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीसारख्याच उमटत. म्हणजे एखादी वस्तू हवीहवीशी वाटणे आणि ती आवडणे या मेंदूच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि एकीवाचून दुसरी असू शकते. त्या उंदरांत आवड शिल्लक होती आणि ओढ गेली होती. माझे नेमके उलटे आहे की काय, अशी शंका मला त्या ड्रॉवरकडे पाहून येते.

ड्रॉवरमध्ये बरीच घड्याळे आहेत. त्यांतली रोज चालू असतात ती एक-दोन. बाकीच्यांतले तेल ती हातात घातली नाहीत तरी सुकतच असते, आणि सुकलेल्या तेलावर घड्याळ चालवले तर चाकांच्या आसांची झीज होते; म्हणून त्यांना अधूनमधून चावी देऊन चालवत ठेवावे या जुन्या सल्ल्यातही फारसा अर्थ नाही. सगळ्यांची वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करायची तर खर्च परवडत नाही, आणि परवडला तरी हे काम मनापासून करणारे घड्याळवाले आता थोडे उरले आहेत. मी ज्यांच्याकडे जातो ते काका सुटे भाग दुसऱ्या घड्याळातूनच काढतात, म्हणजे एक चालते ठेवायला दुसरे मोडावे लागते. मालकीची ही बाजू संग्राहक एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. गप्पा होतात त्या कुठे मिळाले, कितीला मिळाले आणि विकणाऱ्याला ते काय आहे हे कसे कळलेच नव्हते याच्या.

मालकीचा म्हणून जो आनंद आहे तो नाकारण्यात मात्र अर्थ नाही. माझे काळ्या तबकडीचे ‘पायलट’ मी सकाळी चहाच्या आधी चावी देऊन घालतो. चावी शेवटाकडे येताना बोटांना जाणवणारा ताण, कानाशी धरल्यावर सेकंदाला पाच ठोक्यांची ती घाई, आणि संध्याकाळी ते थोडे मागे पडले आहे हे लक्षात आल्यावर काटा पुढे सरकवणे, यांत एक प्रकारचा रोजचा संबंध आहे. तो शोधाच्या आनंदापुढे अगदी किरकोळ आहे. त्यात छाती धडधडत नाही. मात्र तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतो, आणि शोधाचा आनंद बाजारातून घरी येईपर्यंतही पुरत नाही.

मग या दोहोंत सरस कोणता? शोध, असे उत्तर मी कोणी विचारले तर देईन, आणि बहुतेक जमवणारे तेच देतील. परंतु आज मला यातली एक अडचण पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. शोधण्यासाठी जी नजर लागते ती संशयी असते. ती दोष हुडकते: काटे दुसऱ्याच मॉडेलचे तर नाहीत, झाकण बदललेले तर नाही, प्लेटिंग नंतर चढवले तर नाही. ही नजर तयार व्हायला वर्षे लागतात आणि एकदा तयार झाली की ती बाजाराबाहेर काढून ठेवता येत नाही. घरी येऊन मी माझ्याच घड्याळांकडे त्याच नजरेने पाहतो. ‘पायलट’च्या सेकंदकाट्याविषयी मला शंका आहे आणि ती गेली काही वर्षे जात नाही. ज्या घड्याळाबरोबर राहायचे त्याच्याकडे क्षमाशील नजरेने पाहावे लागते, आणि चांगला शिकारी होता होता माझी ती नजर कमी होत गेली आहे.

याच्या अगदी उलट टोकाला माझे आतोबा आहेत. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना ‘कांचन’ दिले. त्या काळी एचएमटीला मागणी अफाट आणि पुरवठा तोकडा असे, आणि ‘कांचन’साठी ओळख लागे किंवा छापील किमतीवर वर पैसे मोजावे लागत. आजोबांनी ते कसे मिळवले याची कथा घरात अजून सांगितली जाते. शोध त्या वेळीही होताच, आणि माझ्या शोधाहून कठीण होता. पण तो घड्याळ हवे म्हणून होता. आता शोध हवा म्हणून आम्ही घड्याळे घेतो. आतोबांच्या ‘कांचन’ची तबकडी डागाळली आहे, पट्टा कधीच बदलला गेला आहे. मी एकदा त्यावर संग्राहकाच्या भाषेत काहीतरी बोललो, तेव्हा ते म्हणाले, “किती वाजले ते दिसतंय ना?”

मोबाइलवरच्या शोधाविषयी मला फारसे लिहावेसे वाटत नाही. तिथे शब्द टाकला की शेकडो फोटो येतात, त्यांतले निम्मे रंगवलेले, आणि भिंगाऐवजी बोटांनी फोटो मोठा करून पाहायचा. वस्तू हातात येत नाही, विकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि रात्री एक वाजताही ‘अजून एकदा पाहू’ असे वाटत राहते. बेरिज यांच्या प्रयोगांतली ती आवडीवाचूनची ओढ कशी असते ते पाहायचे असेल तर ते इथे.

बाजारातल्या शोधाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे दुपारी ऊन चढले की माल आवरला जातो आणि मलाही घरी जावे लागते. येत्या बुधवारी त्याच विक्रेत्याने फाव्र-ल्यूबाचे ‘सी किंग’ दाखवतो म्हणून सांगितले आहे. ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत होती आणि तिची घड्याळे आपल्याकडे अनेक घरांत होती, त्यामुळे ते अस्सल असण्याचा संभव आहे. मी जाणार आहे, आणि बहुधा घेणार नाही.

ड्रॉवरमधली काही घड्याळे मात्र देऊन टाकायचे ठरवले आहे. भाचीने गेल्या महिन्यात एक ‘जनता’ मागितले होते. ज्या घड्याळाचे डायल रंगवलेले आहे असे मला ठामपणे वाटते, तेच तिला आवडले. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. “असू दे मामा,” ती म्हणाली, आणि चावी रोज एकाच वेळी द्यायची असते का, हे विचारू लागली.