आमची वाटचाल : गणेशपट्टीपासून अमूर्त उठावशिल्पापर्यंत

जुन्या नाशकातल्या वाड्यांची दारे, गणेशपट्ट्या, देवघरे यांची दुरुस्ती हे आमच्या कारखान्याचे मूळ काम. त्यातले कोरीव काम तीन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल. कमळाची पाकळी किंवा वेलबुट्टी सगळ्यांच्या ओळखीची असते, त्यामुळे सावली थोडी चुकली तरी नजर आकार पुरा करून घेते. अमूर्त उठावशिल्पात ही सोय नाही. तिथे ना पाकळी, ना हत्ती. उंची, खोली, कड आणि सावली एवढेच हाताशी असते. कड बोथट झाली की ती लपवायला दुसरे काही नसते. या एका फरकामुळे लाकूड निवडण्यापासून भिंतीवर टांगण्यापर्यंत आमची सगळी पद्धत बदलत गेली.

सर्वांत मोठा बदल चिकटवण्यात झाला. सुरुवातीला आम्ही 19 मिमी प्लायवर सागाचे तुकडे पूर्ण पाठीला फेविकॉल लावून, एकमेकांना भिडवून बसवायचो. उन्हाळ्यात केलेले पॅनल पावसाळ्यात फुगायचे आणि तुकडे एकमेकांना रेटून उचलले जायचे. पावसाळ्यात केलेले पॅनल होळीनंतर तडकायचे. दोष सरसाचा नव्हता. प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात म्हणून तो जवळजवळ हलत नाही, आणि सलग लाकूड हलतेच. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत साग वाढीच्या कड्यांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के. आमच्या शेडमध्ये ओलावा मोजायच्या मीटरवर सागाची फळी मे महिन्यात 8 टक्क्यांच्या आसपास असते, ऑगस्टमध्ये 14. या सहा टक्क्यांच्या फरकाने सपाट चिरलेली एक फूट रुंद फळी जवळपास साडेतीन मिलीमीटर कमी-जास्त होते. गाभ्यातून उभी चिरलेली तेवढीच फळी दीड मिलीमीटर. सरस हे थांबवू शकत नाही, तो फक्त लाकूड कुठे फाटेल ते ठरवतो.

म्हणून आता एकही तुकडा पाच इंचांपेक्षा रुंद नसतो. सरस फक्त पाठीच्या मधल्या, लाकडाच्या रेषेच्या (म्हणजे त्याच्या धाग्यांच्या) दिशेने जाणाऱ्या दोन बोटे रुंद पट्ट्यावर लागतो. कडेचे स्क्रू मागून येतात आणि प्लायमधले त्यांचे भोक गोल नसून आडवे लांबट असते, वॉशरसह, म्हणजे लाकूड सरकले तर स्क्रू त्याच्याबरोबर सरकतो. 25 मिमी जाडीच्या तुकड्याला 35 मिमीचा स्क्रू पुरतो, लाकडात 16 मिमी जातो. दोन तुकड्यांत 3 मिमी फट. ही फट आम्ही आधी नाइलाजाने ठेवली, आज संपूर्ण रचना तिच्यापासूनच सुरू होते. कागदावर पहिल्यांदा फटी काढल्या जातात, त्यांची लय जमली की मग उंच-सखल ठरते. डोळ्याला ती काळी रेघ दिसते, लाकडाला श्वास घ्यायला जागा मिळते.

सागाची आणखी एक खोड म्हणजे त्याचे तेल. ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर ते हळूहळू वर येते आणि सरस नीट धरत नाही. पाठ ॲसिटोनने पुसून पंधरा मिनिटांच्या आत सरस लावून शिकंजात धरायची. आदल्या दिवशी पुसून ठेवलेला तुकडा आम्ही पुन्हा पुसतो. सागात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे पटाशीची धार शिसवीपेक्षाही लवकर बोथट होते असा आमचा अनुभव आहे. कोरीव कामाला अर्ध्या तासाने दगड लागतोच. त्याचा बारीक भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून मास्क न लावता पॉलिश पेपर मारू द्यायचा नाही हा नियम.

लाकूड दोन प्रकारे येते. एक, गुजरातमधल्या डांगच्या जंगलपट्ट्यातला वघईकडचा साग. दुसरे, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया. जुनी तुळई शंभर वर्षे वाळलेली, म्हणजे चिरली की लगेच वापरता येईल, असे वाटते. तसे होत नाही. आतला ताण सुटतो आणि फळ्या बाक घेतात. चिरून, मध्ये पट्ट्या ठेवून, तीन-चार आठवडे रचून ठेवायच्या, मगच रंधा. चिरण्याआधी धातुशोधक फिरवायचा. आत गेलेले हातघडीचे खिळे पाते खातात. खिळ्याभोवतीचा निळा-काळा डाग मात्र आम्ही कापून टाकत नाही. लाकडातले टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांचा तो रंग आहे, आणि मुद्दाम शोधून वापरण्यासारखा आहे. कच्चा पांढरा भाग मात्र काढायचाच, त्यात भुंगा लागतो. ज्या तुकड्यांत खोल पोकळ्या घ्यायच्या तिथे शिवण वापरतो. हलकी, कोरायला मऊ आणि हवेप्रमाणे फारशी न बदलणारी.

त्या डागातूनच आमची काळी फिनिश आली. काळा रंग देऊन रेषा झाकायची नव्हती. हिरड्याची पूड 100 ग्रॅम एक लिटर पाण्यात उकळून, गाळून, कोमट असताना दोन हात लावायचे. वाळल्यावर, व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजवलेल्या स्टील वूलचे (बारीक लोखंडी तारेच्या गुंत्याचे) पाणी द्यायचे. लाकूड डोळ्यांदेखत करडे, मग निळसर, मग काळे होत जाते आणि रेषा तशीच राहते. सागात स्वतःचे टॅनिन पुरेसे नसते म्हणून हिरडा आधी. पाणी बारीक कापडातून दोनदा गाळले नाही तर गंजाचे लाल ठिपके उठतात आणि ते निघत नाहीत. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, आत वायू तयार होतो. शेवटी अळशीचे तेल आणि मेण. तेलात भिजलेल्या चिंध्या पसरून वाळवायच्या, गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेटू शकतात.

काळ्याच्या बाबतीत आमच्यासमोर अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हेल्सन आहेत. त्यांचे 1958 चे ‘स्काय कॅथेड्रल’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. टाकाऊ लाकडी तुकडे पेट्यांत रचून, सारे एकाच काळ्या रंगाने रंगवलेले, सुमारे 11 फूट उंच आणि 10 फूट रुंद. एकच रंग असल्यामुळे खुर्चीचा पाय हा पाय राहत नाही, तो आकार होतो. ब्रिटिश चित्रकार बेन निकल्सन यांनी 1934 पासून नेमके उलटे केले: पांढरी, थोड्याच पातळ्यांची उठावचित्रे, जिथे कडेची सावली हीच रेघ. ब्राझीलचे शिल्पकार सर्जिओ कामार्गो यांनी तिरपे कापलेले पांढरे लाकडी दंडगोल रचले. आपल्याकडे सतीश गुजराल यांनी लाकूड जाळून शिल्पे केली. नक्कल न करता यांच्याकडून शिकायचे ते एकच, एका पॅनलमध्ये एकच गोष्ट बोलू द्यायची. पोत, रंग आणि आकार तिन्ही एकदम ओरडले की बैठकीत काहीच ऐकू येत नाही.

सावलीचा हिशेब आधी करावा लागतो. वरून येणारा प्रकाश भिंतीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर एक इंच उंच कडेची सावली पावणेदोन इंच पडते. 15 अंशांना पावणेचार इंच. म्हणजे तीन इंच उंच तुकड्याच्या खाली पाच इंचांच्या आत ठेवलेला पातळ तुकडा अंधारात गिळला जातो. साडेनऊ फुटी छत आणि पॅनलचा मध्य पाच फुटांवर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण अडीच फुटांवर घ्यायला सांगतो. आधी पुठ्ठ्याचा एक-पंचमांश नमुना करून, खोलीत अंधार करून, टॉर्च फिरवून पाहतो. ग्राहकाला कागदावरचे चित्र दाखवण्यापेक्षा हे दाखवणे बरे. कड सरळ 90 अंशांत न कापता आतल्या बाजूला दहा अंश झुकवली, तर तिच्याखाली गडद बारीक रेघ बसते आणि तुकडा भिंतीपासून सुटल्यासारखा दिसतो. ही कड पॉलिश पेपरने करायची नाही. पेपर कोपरा गोल करतो. धारदार पटाशीचा एकच लांब वार, रेषेबरोबर, ढलपी तुटू न देता. उलट्या रेषेत गेलो तर कड फुटते आणि तो तुकडा बाद.

सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राचा) वापर करतो, पण फक्त जादा लाकूड काढायला. शेवटचे दीड-दोन मिलीमीटर हाताने. पूर्ण मशीनच्या एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) पॅनलची मागणी बरीच येते, स्वस्तही पडते, पण त्याच्या कडा पावसाळी भिंतीजवळ ओल पिऊन फुगतात, म्हणून ते काम आम्ही घेत नाही.

आता टांगणे. 8 बाय 4 फुटांचे, सरासरी 40 मिमी जाडीचे सागाचे उठावशिल्प 77 किलोच्या आसपास, शिवाय प्लायचे 36 किलो. एवढे वजन सलग लावू नये. आम्ही ते 4 बाय 2 फुटांच्या चार भागांत करतो, प्रत्येकी 28-29 किलो, सांधे फटींवरच आणतो. 45 अंशांत चिरलेल्या दोन सागवानी पट्ट्या, एक पॅनलला, एक भिंतीला. वरची खालच्यात अडकते. गंगापूर रोडच्या बाजूच्या नव्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा नायलॉनचा फिशर (स्क्रू धरण्यासाठी भिंतीत बसवायची गुल्ली) काही महिन्यांत सैल होतो. तिथे सिपोरेक्ससाठीचा खास फिशर किंवा केमिकल अँकर घ्यावा. मागे 20 मिमी हवा खेळती राहिली पाहिजे, आणि बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला प्लायही आयएस 710 चा (मरीन प्लाय) असावा. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर आम्ही एकदा येऊन मागचे स्क्रू तपासून जातो, आणि फटीत साचलेली धूळ ब्रशने खालच्या दिशेने काढतो. ओले फडके घरच्यांनी कधीही लावू नये.