दिव्याखालची रोपं लांबुडकी का होतात

घरात दिव्याखाली रोपं करताना टोमॅटोचं बी छान उगवतं आणि आठवड्याभरात तेच रोप फिकट, दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडतं. संशय आधी बियाण्यावर जातो, मग खतावर. पण बहुतेक वेळा घोळ उगवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच झालेला असतो. उगवेपर्यंत बियाला ऊब आणि ओल पुरते, उगवल्यावर मात्र लगेच भरपूर उजेड लागतो. हा बदल कधी करायचा हे जमलं की बाकीच्या चुका सावरता येतात.

टोमॅटो, वांगी, मिरची यांना उगवताना माती २५ ते ३० अंश सेल्सिअस हवी. अशा उबेत टोमॅटो ५ ते ८ दिवसांत वर येतो, मिरची दोन आठवडेही घेते. लेट्यूसचं उलट आहे. १५ ते २० अंशांना ते झटपट उगवतं, पण माती ३० च्या वर तापली तर बी झोपूनच राहतं. त्याला उजेडही लागतो, म्हणून मातीवर नुसतं दाबायचं. बाकी बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावं, टोमॅटो साधारण अर्धा ते १ सेंमी. फार वर पेरलं तर टरफल मातीत घासून निघत नाही आणि बीजदलांवर, म्हणजे बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांवर, टोपीसारखं अडकतं. ते ओढू नका, बीजदलं तुटतात. पाण्याचा थेंब ठेवून मऊ होऊ द्या.

पेरल्यावर ट्रे झाकून ठेवा, पण रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून बघाच. मातीतून आधी पान वर येत नाही, देठाचा वाकलेला, पांढरट फास वर येतो. टोक अजून मातीतच असतं. असे दोन-चार फास दिसले की त्याच वेळी झाकण काढा, हीट मॅट (ट्रेखालची विजेवर तापणारी चटई) वापरत असाल तर बंद करा आणि दिवा लावा. सगळं बी उगवायची वाट बघू नका, मागे राहिलेलं दिव्याखाली उगवतं. अंधारात देठाच्या पेशी नुसत्या ताणल्या जातात आणि ताणलेला देठ पुन्हा आखडत नाही. टोमॅटोचं असं रोप पुढे बीजदलांपर्यंत खोल लावता येतं, कारण त्याच्या देठाला मुळं फुटतात. सगळ्या भाज्यांना ही सोय नाही.

रोपांसाठी खास जांभळाच दिवा हवा असं काही नाही. ६५०० केल्विनच्या (हा आकडा उजेडाचा रंग सांगतो) साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब रोपांना पुरतात, आणि पांढऱ्या उजेडात पानांचा खरा रंग दिसतो, हा मला मोठा फायदा वाटतो. ट्यूब पानांपासून ८ ते १० सेंमीवर ठेवा आणि रोप वाढेल तशी वर घ्या. ताकदवान पॅनल ३० सेंमी किंवा जास्त लांब लागतं. अंदाजावर न राहता फोनवरच्या लक्स मीटरने (उजेड मोजणाऱ्या ॲपने) पानांच्या उंचीवर मोजा. १२ ते १५ हजार लक्स हवेत, पांढऱ्या एलईडीसाठी म्हणजे रोपाच्या उपयोगाचा उजेड चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २०० मायक्रोमोल. एवढा उजेड १६ तास दिला की दिवसाला ११ मोलच्या आसपास पडतो, रोपाला तेवढा बास. कडेला उजेड बराच कमी असतो, म्हणून ट्रे फिरवत राहा. दिवा चोवीस तास मात्र ठेवू नका. सतत उजेडात टोमॅटो आणि वांग्याची पानं पिवळी पडतात. टायमर लावून मोकळे व्हा.

वर माती म्हटलं तरी ट्रेमध्ये भरायच्या मिश्रणात बागेची माती नको. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, वर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) एक भाग. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावेत, धार नको.

रोपं कोलमडणे हा रोग जास्तीच्या ओलीतून येतो. पिथियम किंवा रायझोक्टोनिया बुरशीने देठ मातीलगत पाणथळ, मग बारीक होतो आणि उभं रोप रातोरात पडतं. पडलेलं वाचत नाही, ते काढून टाका. उगवल्यावरही राहिलेलं झाकण, कोंदट हवा आणि वरून रोज शिंपडलेलं पाणी ही खरी कारणं. पाणी खालून द्या. ट्रेखाली १ सेंमी पाणी ठेवा, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. लहान पंखा पानं जेमतेम हलतील इतकाच लावा. बुरशीला आळा बसतो, शिवाय हलत राहिलेला देठ आखूड आणि जाड होतो.

खताची घाई नको. बीजदलांनंतरचं पहिलं खरं पान दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर खत वाढवण्याआधी तापमान बघा, थंडीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही.

टोमॅटोला घरात ५ ते ६ आठवडे पुरतात, मिरचीला ८. काकडी-भोपळा तीन आठवड्यांहून जास्त ठेवू नये, मुळं दुखावली की ते रुसतात. गाजर-मुळ्याची रोपं करूच नयेत, बी थेट जागेवर पेरावं.

बाहेर नेताना मात्र धीर धरा. दुपारचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं, म्हणजे दिव्याच्या सात-आठ पट. पहिल्या दिवशी एक-दोन तास सावलीत, मग रोज थोडं जास्त, आणि सकाळचं कोवळं ऊन तीन-चार दिवसांनी. सात ते दहा दिवस लागतात. घाई केली तर पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. ती पानं सुधारत नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप टाकू नका, पुन्हा सावलीत घ्या.