त्रियाकास्तेलाचा दगड

स्पेनमधल्या सांतियागोला, संत याकोबाच्या कबरीकडे चालत जायची वाट म्हणजे कामिनो, तिचे पहिले तीन दिवस मला नीट आठवतच नाहीत. त्रियाकास्तेलाहून निघाले तेव्हा धुकं होतं, सारियाला गर्दी एकदम वाढली कारण शेवटचे शंभर किलोमीटर चाललं तरी प्रमाणपत्र मिळतं, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. पोर्तोमारीनला पाऊस. तिथलं जुनं गाव धरणात गेलंय, आणि देऊळ, म्हणजे सान निकोलासचं चर्च, दगडांवर आकडे घालून एकेक दगड उचलून वर आणून परत रचलंय. ते आकडे अजून दिसतात. मी छत्री धरून भिंतीवरचे आकडे वाचत बसले, तेवढंच पोर्तोमारीन लक्षात आहे.

माझं काम जुन्या कागदांचं. कसर लागलेल्या पोथ्या, चिकटलेली पानं, तुटलेली शिवण. २०११ च्या जुलैमध्ये पालख्या वाटेत होत्या, बाबा दिंडीत होते, आणि मी घरी टीव्हीवर पालखी बघत असताना बातमी वाचली की सांतियागोच्या कॅथेड्रलच्या दप्तरखान्यातून कोडेक्स कॅलिक्सटिनस चोरीला गेला. बाराव्या शतकातली पोथी, २२५ पानं, साधारण आपल्या ए-फोर कागदाएवढी. पोटात कालवलं. पुढच्या वर्षी आषाढी नुकतीच झालेली, ४ जुलैला ती जवळच्याच एका गावात गॅरेजमध्ये सापडली. कॅथेड्रलमध्येच वर्षानुवर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलेल्या माणसानं नेली होती. मला त्या माणसाचा राग आजही येतो. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "गाथा वर आली म्हण." तेव्हाच ठरलं होतं की एकदा तिथं चालत जायचं.

त्या पोथीचा पाचवा भाग म्हणजे चालणाऱ्यांसाठी लिहिलेली माहिती आहे. कुठल्या नदीचं पाणी प्यायचं, कुठलं पिऊन घोडे मरतात, बास्क लोक भाकरीला काय म्हणतात, दारूला काय म्हणतात, देवाला काय म्हणतात. नवारच्या लोकांबद्दल इतकं वाईट लिहिलंय की वाचताना चीड येते, परक्याच्या दारात जेवून त्याचीच निंदा करायची ही कुठली रीत. पण त्याच पोथीत एक ओळ आहे जिच्यासाठी मी त्रियाकास्तेलाहून सुरुवात केली. यात्रेकरू त्रियाकास्तेलाला एकेक दगड उचलतात आणि कास्तान्येदापर्यंत वाहून नेतात, तिथं त्याचा चुना होतो आणि तो चुना सांतियागोच्या देवळाच्या बांधकामाला जातो. गालिसियात, म्हणजे या सगळ्या मुलखात, सगळीकडे ग्रॅनाइट, चुनखडी मिळते ती त्रियाकास्तेलाकडे. १०७५ ला बांधकाम सुरू झालं, पोथी लिहिली तेव्हाही चालूच होतं, मग येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर थोडं थोडं.

मी लिंबाएवढा दगड घेतला. रुमालात बांधून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याचंही वजन जाणवायला लागलं.

मेलिदेच्या पुढं निलगिरीचं रान लागतं. सावली आहे असं वाटतं पण ऊन पानांमधून सरळ खाली येतं. डाव्या टाचेचा फोड सकाळीच आला होता, बोएन्तेच्या उतारावर तो फुटला आणि मोजा चिकटला. आदल्या रात्री आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, एक ग्रुप बारापर्यंत गप्पा मारत होता आणि पहाटे पाचला कोणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरत होतं, झोप झालेली नव्हती, आणि ज्यांच्या बॅगा टॅक्सीनं पुढं जातात ते लोक हसत हसत "बुएन कामिनो", शुभ यात्रा, म्हणत पुढं निघून जात होते. मी उत्तरच देणं सोडलं. हरिपाठ म्हणत चालायचं ठरवलं होतं, तर चौथ्या अभंगात अडकले, पुढची ओळ आठवेना, परत पहिल्यापासून, परत तिथंच. डोळ्यात पाणी आलं ते टाचेमुळं की ओळीमुळं माहीत नाही.

कास्तान्येदा म्हणजे रस्त्याकडेची घरं आणि शेतं. एका घराच्या अंगणात दगडी खांबांवर उभं केलेलं धान्याचं कोठार होतं, तिकडे त्याला ओर्रेओ म्हणतात, त्याच्या सावलीत मी न विचारता बसले आणि बूट काढला. आतून एक आजी आल्या. काळा झगा, वर निळा ॲप्रन, हाताला माती. मला वाटलं उठवतील. त्या पायाकडे बघून आत गेल्या आणि घमेल्यात गरम पाणी आणि मूठभर खडेमीठ घेऊन आल्या. पाय पाण्यात ठेवल्यावर मी ओरडले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, थोपटलं वगैरे नाही. मग स्टूल ओढून बसल्या, माझी टाच आपल्या मांडीवर घेतली, पुसली. फुटलेल्या फोडाला पांढरं फडकं बांधलं. शेजारी दुसरा फोड होता तो अजून फुगलेला, त्यातून त्यांनी सुई आरपार काढली, लायटरवर धरून घेतलेली, आणि काळा दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं. सुई धरायची त्यांची पद्धत बघून मला कळलं की या बाईनं आयुष्यभर शिवण केलंय. आमच्या कामातही शिवण अशीच घालावी लागते, जुन्याच भोकातून, नवं भोक न पाडता.

वाखरीला बाबांचे पाय एका अनोळखी मुलानं असेच चेपले होते. बाबा त्याच्याबद्दल अजून बोलतात.

मला स्पॅनिश चार शब्द येतं. मी दगड काढला, "त्रियाकास्तेला" म्हटलं. आजींनी तो हातात तोलला, खालच्या शेताकडे बोट दाखवून बरंच काही बोलल्या, मला एवढंच कळलं की इथं आता काही नाही. आणि मग त्यांनी तो दगड खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तिथं आधीचेच चार-पाच पांढरे दगड होते.

मला रागच आला. मनात होतं की दगड सांतियागोला न्यायचा, थडग्याला लावायचा, घरी आणायचा. मागायला हात पुढं केला आणि मागे घेतला. पोथीत लिहिलंय तसंच त्यांनी केलं होतं, दगड कास्तान्येदापर्यंतच.

आर्सुआ. लाव्हाकोया, जिथं पूर्वीचे लोक चंद्रभागेसारखी आंघोळ करून पुढं जायचे, आता तिथं विमानतळ आहे. मोंते दो गोसोची टेकडी.

कॅथेड्रलमध्ये दोरीला टांगलेलं मोठं धूपपात्र त्या दिवशी हललं नाही, ते रोज हलवत नाहीत. पोर्तिको दे ला ग्लोरिया या कोरीव प्रवेशद्वाराला तिकीट काढून थोडे थोडे लोक आत सोडतात. शिल्पकार मास्टर मातेओचं काम, तुळईवर तारीख कोरलीय, १ एप्रिल ११८८. कमानीवर चोवीस म्हातारे हातात वाद्यं घेऊन बसलेत, अगदी मधले दोघं मिळून एकच वाद्य वाजवतात, बाजूच्यांचं तोंड एकमेकांकडे, कीर्तन सुरू व्हायच्या आधी टाळ-वीणा जुळवताना लोक बसतात तसे. खाली मधल्या खांबावर पाच बोटांचे खड्डे आहेत, शतकानुशतकं प्रत्येक यात्रेकरूनं तिथंच हात ठेवल्यामुळं संगमरवर झिजलाय. आता हात लावू देत नाहीत. हाताच्या घामानं काय होतं ते मी रोज लोकांना समजावते, मीच वाचकांच्या हातातून पानं काढून घेते, हे बरोबरच आहे. आणि तरी तिथं उभी राहून मला पदस्पर्श नाकारल्यासारखं झालं. दोन्ही खरं आहे, मला त्यातलं एकही सोडता येत नाही.

थिओडोमिर बिशपचा थडग्यावरचा दगड बघितला. संताची कबर यानंच शोधली असं सांगतात, पण हा माणूस झाला तरी का अशी शंका घेणारे होते. १९५५ मध्ये फरशीखाली उत्खनन करताना त्याच्या नावाचा दगडच निघाला, मृत्यूचं साल ८४७. माझ्यासारखीला असा एक दगड म्हणजे काय, कसं सांगू.

आणि कोडेक्स. काचेखाली असते ती हुबेहूब प्रत, मूळ पोथी कडीकुलुपात. मी प्रतीसमोरच उभी राहिले, अर्धा तास. शाई, रेघा, समासातली जागा बघत राहिले. कोणीतरी हे सगळं थांबत थांबत लिहिलं, हाताला पेटके येत असतील.

संध्याकाळी बाबांचा फोन. "दर्शन झालं?"

"झालं."

"हात लागला?"

"नाही बाबा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाय बघ आधी."

मोजा काढला. फोड सुकला होता आणि काळा दोरा अजून टाचेतच होता. ओढला तर दुखलं नाही. कामाचा बिनॲसिडचा कागद नेहमी जवळ असतो, त्याची घडी करून दोरा त्यात ठेवला, वर पेन्सिलीनं तारीख आणि कास्तान्येदा लिहिलं.