घोड्याच्या पोटाखालचं अक्षर: शिंगरू क्रमांक तीन

मंडळी, माझं शिंगरू क्रमांक तीन, म्हणजे पंखवाल्या घोड्याचं जुनं ग्रीक चांदीचं नाणं, आठवतंय ना? ८.४१ ग्रॅम, एका बाजूला तो घोडा, पेगासस, दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण मागे सरकवलेली अथीना देवी, आणि विक्रेत्याच्या चिठ्ठीवर ठसठशीत ‘कॉरिंथ’, म्हणजे नाणं त्या ग्रीक शहराचं. तर ते कॉरिंथचं नाही. हे कळायला तीन आठवडे गेले.

घोळ सगळा घोड्याच्या पोटाखाली. नाणं पाडणाऱ्या गावाचं आद्याक्षर तिथे असतं आणि हॉर्न सिल्व्हरचा, म्हणजे चांदीवर चढणाऱ्या सिल्व्हर क्लोराइडचा, करडा, मेणचट थरही नेमका तिथेच. कॉरिंथचं असेल तर कोप्पा हे जुनं ग्रीक अक्षर हवं: उभी धरलेली पळी, वाटी वर, दांडा खाली. ग्रीकांच्या रोजच्या लिखाणातून हे अक्षर बाद झालं तरी कॉरिंथने नाण्यावर जपलं. मला भिंगातून दिसत होती एकच तिरपी रेघ. पळीचा दांडा तिरपा कशाला असेल? मारताना ठसा घसरला असेल, अशी मीच माझी समजूत घातली. चिठ्ठीवर विश्वास ठेवायची हौस, दुसरं काय!

आधी दिवा आडवा ठेवून वीसेक फोटो काढले. सावली फिरली की अक्षर बदलायचं. यूएसबी मायक्रोस्कोप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, नुसती चकाकी दिसते; साधं दहापटीचं भिंग बरं. फॉइल आणि सोड्याचा सल्ला देणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. जुनी छटा उडून नाणं ताटवाटीसारखं पांढरंफटक होतं. शेवटी हायपो (सोडियम थायोसल्फेट) काढला, पूर्वी फोटो धुवायच्या डार्करूममध्ये असायचा तोच. सिल्व्हर क्लोराइड विरघळवतो, चांदीला फारसा हात लावत नाही. पातळ द्रावण, टूथपिकच्या टोकाला कापूस, दर दोन मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये डुबकी. चौथ्या खेपेला थर मऊ पडला आणि दुसरी रेघ वर आली, पहिलीला माथ्यावर टेकलेली. तंबूच जणू! कोप्पा गेला.

पण तंबू रिकामा असेल तर लॅम्डा, म्हणजे ल्यूकास. आत आडवी काडी असेल तर आल्फा, म्हणजे अँब्रेशिया. दोन्ही कॉरिंथच्या वसाहती. तोच घोडा, तीच अथीना, तेच वजन. आणि माझ्या नाण्यावर काडीच्याच जागी खड्डा.

मग ठसा जुळवायला बसलो, म्हणजे त्याच ठशाने पाडलेलं, पण अक्षर स्वच्छ असलेलं दुसरं नाणं शोधायला. संग्रहालयांचे ऑनलाइन संग्रह, जुन्या लिलावांचे फोटो. पंखाची पिसं मोजायची, शेपटीचा वळसा बघायचा, मागच्या खुरापासून कडेपर्यंत गेलेली ठशाची बारीक चीर शोधायची. बायको म्हणाली, “घोड्याच्या पोटाखाली अजून किती दिवस बघणार आहेस?” परवा रात्री साडेअकराला सापडलं. तीच चीर, फक्त आखूड, म्हणजे ते नाणं माझ्या नाण्याच्या आधी पाडलेलं. पोटाखाली स्वच्छ, रिकामा तंबू. ल्यूकास! उठलो आणि एकट्यासाठी चहा टाकला.

नाणं परत करायचं ठरवलं होतं. एक तर हायपो लावलेलं नाणं कोण परत घेणार? आणि इथवर लिहिल्यावर मलाच ते द्यावंसं वाटेना. कॉरिंथचा सेनापती टिमोलिऑन इ.स.पू. ३४४ मध्ये सिसिलीला निघाला, तेव्हाची जहाजं प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने मोजून दिलीत: कॉरिंथची सात, कॉर्किरा बेटाची दोन, आणि दहावं ल्यूकासचं. पुढे सिसिलीत ही शिंगरं ढिगाने पोचली. त्या दहाव्या जहाजाच्या गावचा घोडा माझ्या ट्रेमध्ये बसलाय, तो कसा द्यायचा?

शिवाय कथा बघा. अथीनेने सोन्याचा लगाम दिला आणि बेलरोफोन या वीराने कॉरिंथच्या पिरीनी झऱ्यापाशी पेगासस धरला. नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच गोष्टीच्या. झरा मात्र कॉरिंथमध्येच राहिला, ल्यूकासकडे आला तो नुसता घोडा. लेकीने माहेरची पैठणी मिरवावी तसा!

त्यामुळे बेत बदलला. अथेन्सच्या घुबडछाप नाण्यासाठी साठवलेले पैसे इकडे वळवतोय: आधी अँब्रेशियाचं शिंगरू, मग अनॅक्टोरियम या आणखी एका वसाहतीचं, माहेरचं, म्हणजे कॉरिंथचं, सगळ्यात शेवटी. आणि नाणी ठेवायची पीव्हीसीची पाकिटं आजच कचऱ्यात टाकली. एका कोपऱ्यात हिरवा चिकटा धरायला लागला होता.

अथीनेच्या मानेमागची छोटी खूण अजून थराखालीच आहे. कधी द्राक्षांचा घड वाटतो, कधी नुसता ओरखडा. शनिवारी पुन्हा हायपो.