वारं सुटलंय, पाऊस नाही

आज वारं काय होतं राव! सकाळी विंडी ॲपवर 14 नॉट दाखवत होतं, म्हणजे तासाला साधारण 26 किलोमीटर. ॲपवर माझा फारसा भरवसा नाही, पण रस्त्यात लांब बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसल्या, सगळ्या फिरायल्या, तेव्हा आमच्यातला मास्तर गाडीतच ओरडला की आज होणार. लोक हसतात, लातूर-बीडकडं कुठलं विंडसर्फिंग, शिडाच्या बोर्डावरून वाऱ्यावर पळायला समुद्र कुठाय म्हणून. अरे समुद्र नसला तरी वारं आहे ना, कंपन्यांनी त्या पवनचक्क्या इथं उगाच उभ्या केल्यात का. मान्सूनचं वारं सह्याद्रीवर पाऊस सांडून इकडं येतं, आणि मधे उघडीप पडली की आपल्या वाट्याला नुसतं वारंच उरतं. जुलैत असा खंड पडला की आमच्यासाठी एकदम सीझन.

हे वाक्य अण्णांसमोर म्हणायची माझी हिंमत नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय आणि पंधरवड्यापासून आभाळ येतंय आणि निघून जातंय. "वारं सुटलं की पाऊस उडून जातो" हे लहानपणापासून ऐकत आलोय त्यांच्या तोंडून. घरात सगळे वाऱ्याला शिव्या देतात आणि मी शनिवारी रात्री मोबाईलवर बघत बसतो की उद्या अजून दोन नॉट वाढेल का.

असो. सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि दोन-दोन कप चहा हाणून साडेदहाला मांजरा धरणावर. वारं तसंही जमीन तापल्यावरच नीट धरतं, पहाटे येऊन काही उपयोग नसतो. भिंतीकडं आम्ही फिरकत नाही, एक तर मनाई आहे आणि दुसरं म्हणजे पश्चिमेचं वारं थेट भिंतीकडंच ढकलतं. लांब वरच्या अंगाला एक मुरमाड काठ आहे, तिथं वारं तिरकं काठाकडं येतं, म्हणजे कुणाचं काही बिघडलं तरी माणूस वाहत वाहत काठालाच लागतो. लाईफ जॅकेटशिवाय पाण्यात पाय नाही, हा मेडिकलवाल्याचा नियम, आणि तो ह्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. आम्ही सगळे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, पण विहिरीला काठ चारी बाजूला असतो, इथं नसतो.

सामान म्हणजे वर्गणी काढून घेतलेला एक जुना विंडसर्फ बोर्ड, त्याचं शीड, आणि एक विंग फॉइलचा सेट (हातात धरायचं शीड आणि खालून पाण्यात पंख असलेला बोर्ड), तोही सेकंडहँडच. माणसं चार: मास्तर, मेडिकलवाला, बारक्या आणि मी. त्यामुळं दिवसातला निम्मा वेळ काठावर बसून दुसऱ्याला अक्कल शिकवण्यात जातो आणि खरं सांगायचं तर त्यातच जास्त मजा येते.

विंडसर्फिंग मास्तरचं. शीड बोर्डाला जोडलेलं असतं, पण जोड असा की ते कुठल्याही बाजूला झुकवता येतं, सगळं स्टिअरिंग त्या झुकवण्यातच. पुढं झुकवलं की बोर्ड वाऱ्यापासून लांब वळतो, मागं झुकवलं की वाऱ्याकडं. पडलं की पाण्यानं जड झालेलं शीड दोरीनं ओढून उभं करायचं, त्यात कंबर जाते. 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे हे मास्तर प्रत्येक वेळी नव्यानं सांगतो. 2024 ला पॅरिसमध्ये त्या शिडाच्या बोर्डालाही खालून फॉइल लावलेलं होतं, हे मी सांगितलं की तो विषय बदलतो.

विंग फॉइलचं मला वेड लागलंय. विंग नुसती हातात धरायची, बोर्डाला जोडलेली नसते, पुढच्या कडेच्या नळीत पंपानं हवा भरलेली. बोर्डाच्या खाली पाऊण मीटरचा खांब आणि त्याला विमानासारखे पंख, ते पाण्यात. पाणी हवेपेक्षा 800 पट जड, म्हणून तेवढासा पंख माणसासकट बोर्ड उचलतो. पहिल्यांदा गुडघ्यावर बसायचं, विंग डोक्यावर धरायची, स्पीड आला की एक पाय, मग दुसरा. तोपर्यंत बोर्डाखाली पाणी धपाधप आपटत असतं, दात वाजतात. मग वाऱ्याचा एक झोत येतो, विंग जरा आत ओढली की बोर्ड वर येतो आणि तो सगळा आवाज बंद, खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी एकदम सिमेंट रोडला लागावी तसं. खाली फक्त एक बारीक गुणगुण. आज पलीकडच्या बाभळीपर्यंत असाच गेलो, वळताना पडलो, ते चालतंय. वजन जरा मागं गेलं की फॉइल उसळून पाण्याबाहेर येतं आणि तोंडावर आपटतो, म्हणून पुढच्या पायावर राहायचं, हे मला कळतं, पायाला अजून कळायचंय.

दुपारी बारक्याचं फॉइल मासेमारीच्या जाळ्यात अडकलं. थर्माकोलच्या तुकड्यांची रांग दिसते तिथंपर्यंतच जायचं असं ठरलेलं, पण एक तुकडा सुटून गेला होता बहुतेक. बोर्ड जागीच थांबला आणि बारक्या पुढं जाऊन पडला. जाळंवाले मामा तराफ्यावरून आले. नायलॉनचा धागा केसाएवढा, पुढच्या पंखाच्या स्क्रूभोवती गच्च गुंडाळलेला. मी चाकू काढला तर मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तो परत खिशात घातला. एकेक फास नखानं, मधे दातानं सोडवत अर्धा तास गेला, जाळ्याचं एक घर तुटू दिलं नाही. मग विचारलं, "ह्याला इंजन कुठाय?" वाऱ्यावर चालतं म्हणल्यावर म्हणाले, "मग घेऊन जावा हे वारं तुमच्याकडं. लाट उठली की तराफा आत नेता येत नाही, चार दिवस झाले काठाकाठानंच चाललंय."

म्हणजे त्या अख्ख्या धरणावर वारं हवं असलेली माणसं आम्ही चारच. बरं, वारं पाणीसुद्धा उडवून नेतं. हेच धरण 2016 ला कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, घरी बादल्या मोजून वापरायचो. तिथंच आता मी मजा मारतोय, जरा अवघडल्यासारखं होतंच. पण खेळ सोडावा असं काही वाटलं नाही, हेही खरंय. माझ्या खेळायचं वाऱ्याला काय पडलंय, मी नसतो तरी ते असंच वाहणार होतं.

सहाला विंगची हवा सोडत होतो तर अण्णांचा फोन.

"कुठं हाईस?"

"धरणावर."

"पाऊस हाय का तिकडं?"

"नाही. वारंच."

"मग खुशीत असशील तू."

मी काय बोलणार. तेच पुढं म्हणाले, पाणी धरावं लागतंय सोयाबीनला, स्प्रिंकलरचे पाईप हलवायला माणूस मिळंना, सकाळी येतोस का. येतो म्हणलं. ह्या आठवड्यात लाईट सकाळी आठपर्यंतच हाय म्हणे, म्हणजे पाचला तरी निघावं लागेल. ऑफिसच्या ग्रुपवर रजेचा मेसेज टाकलाय. वाऱ्यात स्प्रिंकलरचं पाणी शेजारच्याच रानात जातं, त्यामुळं पाईप पश्चिमेच्या बांधाला सरकवून लावा असं अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "एवढं तर शिकलास की तिकडं."