माझ्याच रक्तातला पिवळा पडदा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. त, थ, द, ध शिकवताना जीभ वरच्या दातांमागे टेकवून दाखवावी लागते, आणि माझा गेला तो नेमका तिथलाच दात. जुन्या रूट कॅनलच्या मुळाशी पू झाला, दात काढावा लागला. वर्षभर काढता-घालता दात वापरला. तो बोलताना हलायचा आणि मुलं माझ्या जिभेऐवजी त्या दाताकडेच बघायची.

शेवटी हाडात स्क्रू बसवून त्यावर कायमचा दात लावायचं ठरवलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, दाखवला. हाडाची जाडी जेमतेम 4 मिलिमीटर. "बाई, टायटॅनियमचा स्क्रूच साडेतीन मिलिमीटरचा आहे. त्याच्या भोवतीनं हाड हवं. आधी हाड वाढवूया." त्यासाठी तिथं भरायची हाडाची पूड कशाची चालेल, हे त्यांनी आपणहून विचारलं. गुरांच्या हाडापासून केलेले दाणे असतात आणि कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचेही. मी कृत्रिम घेतले. आमच्या घरात हा प्रश्न मोठा आहे आणि तो आधी विचारला गेला, हे मला फार मोलाचं वाटलं.

मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. त्याआधी दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. नळीत रक्त न गोठण्याचं औषध मुद्दामच नसतं, म्हणून ते लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, घालून फिरवावं लागतं. माझी शीर पटकन सापडली नाही. पहिली नळी भरेपर्यंत रक्त आतच गोठायला लागलं आणि ती टाकून द्यावी लागली. दुसऱ्या हाताचं घेतलं. बारा मिनिटांनी डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. तळाला लाल, वर पाण्यासारखा पातळ द्रव आणि मधे पिवळसर, जेलीसारखा गोळा. चिमट्यानं तो बाहेर काढून स्टीलच्या डबीत दाबला, तर पातळ, ओलसर पडदा झाला. त्याचे काही तुकडे दाण्यांत मिसळले, उरलेला वरून पांघरला आणि टाके घातले.

याला पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणतात. फायब्रिन या प्रथिनाच्या जाळीत रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट, अडकलेल्या असतात. त्यांतून वाढीची प्रथिनं काही दिवस हळूहळू झिरपतात आणि जखम भरायला, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. यानं हाड जादूसारखं वाढत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थेट हाड घडवायला लावणारी प्रथिनं वेगळी, त्यांना बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) म्हणतात. त्यांचा माग अमेरिकेतले हाडांचे शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांना लागला. त्यांनी 1965 मध्ये खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथं नवं हाड तयार झालं. प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-2ला अमेरिकेत 2002 मध्ये मणक्यासाठी आणि 2007 मध्ये जबड्याच्या काही शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. पण ते महाग, सूजही बरीच येते. एका दातासाठी एवढं नको, हे मला पटलं.

पहिले दहा दिवस कोमट पेज. थुंकायचं नाही, स्ट्रॉ लावायची नाही, काढता दात त्या जागेवर दाबू द्यायचा नाही. पुढे गणेश चवथीला घरभर नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, वास, आणि मी त्या दुधात मऊ करून खाल्ल्या.

दिवाळीच्या सुट्टीत स्क्रू बसला. नव्या स्कॅनमध्ये हाड साडेसहा मिलिमीटर भरलं होतं. तो आकडा मी दोनदा विचारून घेतला. मग पुन्हा थांबणं. सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम हाडाशी असं एकजीव होतं की निघत नाही, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये दिसलं होतं. पण तो एकजीव व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घट्टपणा उलट थोडा कमी होतो, कारण स्क्रूला धरून असलेलं जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून कोवळं असतं. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवसांत मी घाबरून गेले असते.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्क्रूवर ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला. पंधरा दिवसांनी त्यावर दाताची कॅप बसली, आणि सोमवारी मी फळ्यावर 'थवा' लिहिला. पहिल्या बाकावरची मुलगी तोंड उघडून माझी जीभ कुठे टेकते ते बघत होती. मग तिनंही म्हटलं, "थवा."