अपडेट ७: कपाळकरंटा सेंटर अखेर बाहेर पडला

आधी बातमी: हेडफोनमध्ये खोलीतल्या सात स्पीकरांचा भास उभा करायच्या माझ्या खटाटोपात सेंटर, म्हणजे समोरचा मधला स्पीकर, डोक्यातून बाहेर आला. अगदी टीव्हीपर्यंत नाही, पण नाकासमोर पाऊण-एक मीटर नक्की. मंगळवारी पहाटे सव्वातीनला आकाशवाणीच्या बातम्यांचं ते नेहमीचं मोनो रेकॉर्डिंग नुसत्या सेंटरला सोडलं आणि पहिल्याच वाक्याला हेडफोन उतरवून स्पीकरचा ॲम्प खरंच बंद आहे ना ते बघितलं. बंद होता. पुन्हा घातला, पुन्हा उतरवला. असं चार वेळा. दहावीच्या निकालालाही इतका आनंद झाला नव्हता. तिथे कारणही नव्हतं म्हणा.

मागचे अपडेट वाचलेल्यांना माझं रडगाणं पाठ आहे, म्हणून थोडक्यात. कानांत बारके माइक घालायचे, प्रत्येक जागेवरच्या स्पीकरचा आवाज माझ्या कानांत पोचताना कसा बदलतो ते मोजायचं आणि तोच बदल हेडफोनच्या आवाजात घालायचा. मांडणी तीच: हॉलमध्ये दोन बुकशेल्फ स्पीकर, मधला कोन ६० अंश, ऑफिसची फिरती खुर्ची, पंख्याच्या हुकाला बांधलेला गवंड्याचा ओळंबा (टोक टाळूला टेकलं म्हणजे डोकं खुर्चीच्या आसावर) आणि फरशीवर चिकटपट्टीने आखलेले कोन. सरळ बसून फ्रंटची जोडी. १२० अंश उजवीकडे वळून डावा साइड आणि डावा बॅक, तेवढंच डावीकडे वळून उजवे. आणि ३० अंश डावीकडे वळून, डाव्या स्पीकरच्या डोळ्याला डोळा भिडवून, सेंटर. या मोजण्यांवरून इम्पल्सिफर नावाच्या प्रोग्रॅममधून १४ ट्रॅकची फाइल (सात स्पीकर, प्रत्येकी दोन कान) काढायची, हेडफोनला सराउंड देणाऱ्या हेसुवीत टाकायची, की दोन स्पीकरांच्या जोरावर हेडफोनमध्ये सेव्हन पॉइंट वन.

बाजूचे आणि मागचे चॅनल पहिल्या रात्रीपासून झकास. डाव्या बॅकला दार वाजलं तेव्हा मी खरोखर वळून स्वयंपाकघराकडे बघितलं होतं. सेंटर मात्र कपाळाला चिकटलेला, जणू भुवयांच्या मधोमध एक बारका निवेदक बसून बातम्या देतोय. चित्रपटात संवाद असतात सेंटरला. म्हणजे हेलिकॉप्टर डोक्याभोवती फिरतंय आणि नायक माझ्या कपाळातून बोलतोय.

सेंटरच का रुसतो हे काही गुपित नाही. बाजूच्या आवाजाला ढोबळ खुणा पुरतात. माझ्या मोजणीत ९० अंशांवरचा आवाज लांबच्या कानात ३२ सॅम्पल उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पलच्या हिशेबाने साधारण ०.६७ मिलिसेकंद, शिवाय डोक्याच्या सावलीने दबूनही. सेंटरला दोन्ही फरक शून्य. उरते ती फक्त कानाच्या वळ्या-खळग्यांनी ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये काढलेली नक्षी. ती जरा पुसट झाली की मेंदू हात वर करतो. आणि ही नक्षी ज्याची त्याची. अपडेट २ मध्ये सीपिकच्या संग्रहातले, इतरांच्या कानांवर मोजलेले ४५ संच लावून बघितले होते, त्यातले दोन तर केमार नावाच्या, मोजणीसाठीच बनवलेल्या पुतळ्याचे. त्यातल्या एका परक्या कानांनी मला सेंटर चक्क मागून ऐकवला. दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचण्यातला प्रकार.

तर स्वतःचे कान मोजूनही सेंटर कपाळात का? तीन आठवडे यातच गेले.

पहिला संशय घड्याळावर. माइक यूएसबी डाँगलला, स्पीकर डॅकवर (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी), म्हणजे वाजवणाऱ्याचं घड्याळ वेगळं आणि ऐकणाऱ्याचं वेगळं. डॅकचं आउटपुट वायरने थेट डाँगलला जोडून स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा मोजणीचा सूर) घेतला, तर त्यातून निघणाऱ्या इम्पल्सचा, म्हणजे एका 'टक्'चा, टोकदार काटा यायच्या जागी फिसकटलेली शेपटी आली. दोघांत ६०-एक पीपीएमचा (दहा लाखांत साठ) फरक निघाला. ऐकायला काहीच नाही, पण सहा सेकंदांच्या स्वीपमध्ये तो १७ सॅम्पलपर्यंत साचतो. सगळं एकाच ऑडिओ इंटरफेसवर (वाजवणं आणि रेकॉर्डिंग दोन्ही करणारी पेटी) आणलं आणि काटा सुईसारखा झाला. टाळ्या, झांजा एकदम सुटसुटीत. सेंटर? कपाळात.

इंटरफेसवर येताना एक बळी गेला तो सांगून टाकतो. माइकच्या इलेक्ट्रेट कॅप्सूलला (आवाज पकडणारी बारकी चकती) दोन-तीन व्होल्टची भूक, इंटरफेसच्या माइक इनपुटला ४८ व्होल्ट फँटम (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज), आणि माझं लक्ष दुसरीकडे. आता नऊ व्होल्टची बॅटरी, दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर साबणाच्या डबीत बसवलेत. लाइन इनपुटला जोडतो आणि फँटमच्या बटणावर इन्सुलेशन टेप. नव्या कॅप्सूल प्रिमोच्या ईएम२५८ मागवल्या. पैसे जास्त गेले, पण खरखर इतकी कमी की आधीच्या स्वस्तातल्या जोडीची लाज वाटावी. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने "साहेब, माइक माइकच असतो" म्हणून सुट्या पिशवीतल्या दहा कॅप्सूल गळ्यात मारल्या होत्या. दहातल्या दोनसुद्धा एकमेकींशी जुळल्या नाहीत. वायरी, सोल्डर, डब्या खुशाल गल्लीतून घ्या, कॅप्सूल नको.

दुसरा संशय गोंगाटावर. दिवसा मोजायची सोय नाही. एकदा उजव्या साइडच्या स्वीपमध्ये कुकरची शिट्टी आली, एकदा कोकीळ, आणि एकदा खालच्या काकू वर आल्या, "अहो, तुमची मोटार जळतेय का?" २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा तो घूंऽऽईंऽऽ ऐकून कुणालाही तेच वाटेल. म्हणून रात्री अडीचला, पंखे बंद, फ्रीज बंद. मे महिन्यात पुण्यात पंखा बंद करून पुतळ्यासारखं बसणं म्हणजे काय ते विचारू नका. मोजणी स्वच्छ आली. फ्रीज चालू करायचा राहिला. सकाळी दीड लिटर दूध नासलं. आईने त्याचं पनीर केलं आणि फ्रीजच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: "प्रयोग झाल्यावर चालू करणे." सेंटर? कपाळात. चिठ्ठी अजून तिथेच आहे.

यानंतर मी जरा चिडूनच सगळी बटणं फिरवली. डाव्या-उजव्या कानाचा तोल साधणाऱ्या चॅनल बॅलन्सला आधी ट्रेंड हा पर्याय, मग मिड्स, मग हाताने अर्धा-अर्धा डेसिबल. सेंटर कपाळावरून डाव्या भुवईवर, तिथून उजव्या भुवईवर. प्रगती शून्य.

खरा चोर सापडला तो कंटाळ्यामुळे. हेडफोनचं कंपेन्सेशन, म्हणजे हेडफोनचा स्वतःचा रंग आवाजातून वजा करायची दुरुस्ती, मी प्रत्येक वेळी एकदाच मोजायचो: कानात माइक तसेच ठेवायचे, वरून हेडफोन चढवायचा, स्वीप, संपलं. त्या रात्री दुसरं काही सुचेना म्हणून पाच वेळा हेडफोन काढ-घाल करून पाच मोजण्या घेतल्या आणि एकावर एक ठेवल्या. उजव्या कानाच्या पाचही रेषा दोन डेसिबलच्या आत. डाव्याच्या ५ किलोहर्ट्झपर्यंत शहाण्यासारख्या एकत्र, आणि ८ च्या आसपास झाडू उलगडावा तशा पसरलेल्या. टोकाच्या दोन रेषांत तब्बल ९ डेसिबल.

टॉर्च, बायकोचा हातातला आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो. हेडफोन हळूहळू चढवला. डाव्या बाजूला इअरपॅडची खालची कड माइकच्या वायरवर बसत होती आणि वायर ताठ असल्याने तरफेसारखी माइकला बाहेर ढकलत होती. दोन, फार तर तीन मिलिमीटर. म्हणजे खोली मोजताना माइक एका जागी, हेडफोन मोजताना दुसऱ्याच. ८ किलोहर्ट्झची लहर चार सेंटिमीटरच्या थोडी वर, आणि कानाच्या वाटीत त्या टप्प्यात इंच-इंचाला खड्डे-उंचवटे. एका जागचा खड्डा दुसऱ्या जागी भरायला गेलो की नक्षीवर सरळ चुन्याचा हात. त्यात कंपेन्सेशन म्हणजे उलटा आलेख, त्यामुळे खोल खड्ड्याचा उंच सुळका होतो. डाव्या कानात ८ किलोहर्ट्झला शिट्टीसारखं काहीतरी येतं अशी माझी जुनी तक्रार होती, तिचंही मूळ हेच. आणि हे सगळं मी तीन आठवडे माझ्या डाव्या कानाच्या नावावर खपवत होतो.

दुरुस्ती सोपी, पण हात थरथरवणारी. चौकातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून वाइंडिंगची इनॅमल तार आणली, केसापेक्षा जरा जाड. त्याने "कोणता पंखा आहे?" विचारलं. कान म्हणालो असतो तर तार मिळाली नसती, म्हणून टेबल फॅन म्हणालो. ब्लेडने इनॅमल खरवडून तार कॅप्सूलला सोल्डर केली. बिट दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की कॅप्सूल गेली, त्यामुळे श्वास रोखूनच. फोमच्या इअरप्लगला मधोमध भोक पाडून कॅप्सूल आत, तोंड बरोबर कानाच्या भोकाच्या पातळीत. पुढे आलेलं नाही, आत गेलेलं नाही. तार कानाच्या पुढच्या खाचेतून खाली, गालावर कागदी सर्जिकल टेप. पहिल्या रात्री घामाने टेप सुटली. दुसऱ्या रात्री आधी गाल स्पिरिटने पुसला आणि कपाळाला ओला रुमाल बांधला. सौंदर्याबद्दल बोलायला नको, आई पाणी प्यायला उठली होती ती दचकली.

"अरे, ताप आलाय का तुला?"

"नाही गं, मोजतोय."

"मोज बाबा," म्हणून ती झोपायला गेली.

पुन्हा पाच मोजण्या. डाव्याचा पसारा ९ वरून अडीच डेसिबलवर. मग इम्पल्सिफरचं हेडफोन कंपेन्सेशन बंद ठेवलं, पाचांची सरासरी वेगळी काढली आणि इक्वलायझर एपीओ या आवाज सुधारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक इक्यू म्हणून दिली. अरुंद खड्डे मुद्दाम भरले नाहीत, कुठेही ६ डेसिबलच्या वर चढवलं नाही. एका मोजणीवर विसंबू नका, हे मी आता येईल-जाईल त्याला सांगतोय.

आणि मग सव्वातीन, आकाशवाणी, वगैरे.

आता त्यातली खोच. बुधवारी हेच सगळं बेडरूममध्ये ऐकलं. तोच लॅपटॉप, तोच हेडफोन, तीच फाइल. सेंटर परत नाकाच्या शेंड्याशी. हॉलमध्ये येऊन दिवा लावून बसलो, बाहेर. दिवा मालवला, थोडा आत. फाइलमध्ये हॉलचा घुमारा आहे आणि डोळ्यांसमोर बेडरूमचं कपाट, हे मेंदूला पटत नसणार. मी याला थोतांड समजायचो, शब्द मागे घेतो. शिवाय स्पीकर डोळ्यांसमोर दिसला की आवाज त्याला चिकटतो; बाहुलीवाल्याच्या बाहुलीसारखं.

लेकीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, काका मागून बोलतायत." तिला माझे कान लागू पडत नाहीत, प्रश्नच मिटला. फोनने कानाचा फोटो काढून स्वतःचा सराउंड बनवून देणाऱ्या सोयी आल्यात, आयओएस १६ पासून ॲपलमध्येही आहे. बरं वाटतं ऐकायला, पण कानाच्या वाटीतले हे दोन मिलिमीटर बघितल्यावर माझा फोटोवरचा विश्वास जरा कमीच झालाय.

पुढचा बेत हेडट्रॅकिंगचा होता, म्हणजे मान वळली तरी आवाज खोलीत जागच्या जागी राहावा. मान हलवली की पुढचं-मागचं कोडं सुटतं हे संशोधक वॉलाखने १९४० मध्येच दाखवलं होतं, आणि याच कामाचं तयार यंत्र स्मिथ रिअलायझरही डावीकडे, समोर आणि उजवीकडे बघून तीन मोजण्या घेऊन मधल्या जागा भरतो. फिरती खुर्ची असताना मला ते फुकट आहे. अडचण मधल्या जागांची: दोन कोनांचे इम्पल्स तसेच मिसळले तर वेगवेगळ्या उशिरांमुळे आलेखात कंगव्याच्या दातांसारखे खड्डे तयार होतात, म्हणून आधी उशीर काढून ठेवायचा, मग मिसळायचं, मग परत घालायचा. मान किती वळली ते कळायला जायरोचं बोर्ड मागवूनही झालं.

पण हे लिहिता लिहिताच ट्यूब पेटली. सेंटर बाहेर आलाय खरा, पण पाच-एक अंश डावीकडे झुकलेला आहे, आणि मी त्यालाही बॅलन्सच्या खात्यात टाकणार होतो. सेंटर मी मोजतो डाव्या स्पीकरकडे तोंड करून. त्या स्पीकरच्या डाव्या अंगाला हातभर अंतरावर उघडी भिंत, उजव्या अंगाला पडदा आणि सोफा. म्हणजे माझ्या सेंटरला एकाच बाजूने भिंतीचा पडसाद मिळतोय, आणि तो मी "समोर" म्हणून ऐकतोय. एक स्पीकर उचलून टीव्हीखाली ठेवायचा आणि सरळ नाकासमोर मोजायचा, बस्स. आवाज जिथून यायला हवा तिथेच डोळ्यांना स्पीकरही दिसेल. इतके दिवस हे सुचलं नाही कारण स्टँड जड आहेत आणि मी आळशी.

तर हेडट्रॅकिंग मागे, सेंटरची नवी मोजणी पुढे. घाई एवढ्याचसाठी की पाऊस सुरू झाला की खिडकीवरच्या पत्र्यावर रात्रभर तडतड, मग सप्टेंबरपर्यंत स्वीप विसरा. आज संध्याकाळी वळिवाचे ढग दाटून आलेत. रात्री अडीचचा गजर लावलाय, स्टँड ओढायला मेव्हण्याला थांबवून घेतलंय, आणि दूध आधीच खालच्या काकूंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलंय.